शेक किती वेळा ठेवला

आई, तुझं उपकेंद्र बंद होणार आहे. बंद असं कुणी म्हणत नाही, कागदावर त्याला विलीनीकरण म्हणतात. घाटाखालच्या उपकेंद्रात तुझं उपकेंद्र मिसळायचं, नर्सची जागा खाली न्यायची, आणि वरच्या पाड्यांसाठी आठवड्यातून एकदा गाडी पाठवायची. ती गाडी दर आठवड्याला येईल असं तुला वाटत असेल, तर तू वर जाऊन फारच भोळी झालीस. तुझ्या हयातीत कधी आली होती का? आणि हे ज्या अहवालामुळे होणार आहे, त्याच्या शेवटच्या पानावर माझी सही आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला उगाच आशा वाटायला नको.

तू गेलीस त्याला चोवीस वर्षं झाली. तेव्हा मी या संस्थेत नवीच होते आणि आमचं काम काय, हे तुला कधी नीट पटलंच नाही. माणसं आजारी पडतात, मरतात, त्याचा त्यांच्या घराच्या संसारावर काय परिणाम होतो, याचा आम्ही अर्थशास्त्राच्या अंगाने अभ्यास करतो, असं मी तुला सांगितलं, तर तू भाजी निवडता निवडता म्हणालीस, "म्हणजे लोक का मरतात ते तुम्ही नाशकात पंख्याखाली बसून शोधणार." मला राग आला होता. आता त्या पंख्याखाली माझं अख्खं आयुष्य गेलं आणि दोन वर्षांनी मी निवृत्त होणार आहे. या वेळचा अभ्यास तुझ्याच पेठच्या डोंगरातला होता. उपकेंद्र जवळ असलं की घराचं काही भलं होतं का, हा प्रश्न. मूल जगतं का, बाई लवकर कामाला लागते का, थोरल्या मुलीची शाळा वाचते का. मला वाटलं होतं, याचं उत्तर काय येणार ते तर मला नऊ वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे.

उपकेंद्राच्या मागची आपली ती खोली आठवते. चूल बाहेरच्या पडवीत आणि स्टोव्ह आत, कारण पाहुणे आले तर नर्सबाईकडे स्टोव्ह आहे हे दिसायला हवं. लसींच्या डब्यातला बर्फ उरला की तू त्याचं सरबत करायचीस, आणि हे कुणाला सांगू नकोस म्हणायचीस. शाळेला सुट्टी असली की मी तुझ्यामागून पाड्यांवर यायचे. तुझी नोंदवही माझ्याकडे, वजनकाटा तुझ्याकडे. तो हुकाचा काटा तू आढ्याला अडकवायचीस, त्याला कापडाची झोळी, झोळीत पोर, आणि पोर रडायला लागलं की त्याची आई हसायची, ते मला फार आवडायचं. तुझी घरं मोजायची पद्धत मी रोज बघत होते, पण ती पद्धत आहे हे मला कळत नव्हतं. मला वाटायचं तू नुसत्या गप्पा मारतेस.

त्या दिवशीचं सांगते, तुला आठवत असेल. घराच्या दारात एक बाई नागली पाखडत बसली होती. चार पोरं म्हणाली. तू पाणी प्यायला आत गेलीस आणि मी शहाण्यासारखी वही उघडून तिला विचारलं, "आणि मेलेली किती?" वहीत तसा रकानाच होता, तो रिकामा राहू नये एवढंच माझ्या डोक्यात. बाईचं सूप थांबलं. ती म्हणाली, "नाय, मेलं नाय कोण," आणि उठून घरात निघून गेली. तू बाहेर आलीस, माझा कान धरलास आणि गावाच्या वेशीपर्यंत तो सोडला नाहीस. चारचौघांत तू मला ओरडली नव्हतीस कधी, तेव्हाही ओरडली नाहीस. वेशीबाहेर दगडावर बसवून म्हणालीस, "मेलेलं विचारायचं नाही. शेक विचारायचा." दुपार टळल्यावर आपण परत गेलो. तू तिच्याशेजारी बसलीस, तिच्या सुपातले खडे वेचायला लागलीस, आणि बऱ्याच वेळाने सहज विचारावं तसं विचारलंस, "बाय, तुझ्या बाजेखाली शेक किती डाव ठेवला गं?" बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवतात, तो शेक. बाई बोटं मोजायला लागली. एक सासरी, दोन माहेरी, असं करत ती सहावर थांबली. पोरं चार, शेक सहा. तू मान हलवलीस आणि वही तिथे उघडलीदेखील नाहीस. वाटेत मी विचारलं, मघाशी ती खोटं का बोलली? तू म्हणालीस, "खोटं नाही बोलली. बारसं व्हायच्या आत गेलेलं पोर तिला मोजता येत नाही. शेक मोजता येतो. मुलाला डोळे असतात, शेकाला नसतात." तेव्हा मला यातलं काहीच समजलं नव्हतं. कान दुखत होता एवढंच.

त्या प्रश्नाने तुझी वही भरली आणि तुला मेमो आला. आजूबाजूच्या उपकेंद्रांत पोरं मरत नाहीत, तुमच्याकडेच कशी मरतात, याचा खुलासा करा. मोठे डॉक्टर स्वतः आले होते, जीपमधून. मी खिडकीला लटकून ऐकत होते. तू हात बांधून उभी होतीस आणि म्हणालीस, "साहेब, माझ्याकडे जास्त मरत नाहीत. मी जास्त विचारते." ते खूप चिडले. तो मेमो तू पुढे कितीतरी दिवस लोणच्याच्या बरणीखाली अंथरला होतास, तेलाने पार पारदर्शक झाला होता. पण मग दोन वर्षांनी काय झालं? तुझ्याच आकड्यांवरून वरच्या कुणाला तरी वाटलं की इथे फार मुलं दगावतात, आणि तुझ्या उपकेंद्राला पक्की बाळंतपणाची खोली मिळाली, मदतीला दुसरी बाई मिळाली. त्या खोलीत जन्मलेली माणसं आज पन्नाशीकडे झुकली आहेत. तुझा एक प्रश्न, आई, आणि त्यावर उभी राहिलेली ती खोली. तीच खोली आता जाणार आहे.

मला नोकरी लागली तेव्हा तू मला बूट दिलेस. मेन रोडवर तीन दुकानं पालथी घातलीस, दुकानदार वैतागला, कारण तुला बिनलेसचेच हवे होते. "लेसचे बूट घातले की माणूस दारातूनच विचारतो," असं तू त्यालाच ऐकवलंस. "सोडायचा कंटाळा येतो मग. आत जाऊन बसलं पाहिजे." ते बूट मी फाटेपर्यंत वापरले. पण पुढे मला बढती मिळाली, मग मी मुला-मुलींना प्रशिक्षण द्यायला लागले, आणि मी त्यांना काय शिकवलं माहीत आहे? प्रश्नातला एक शब्दही हलवायचा नाही. सगळ्यांना सारखाच प्रश्न, सारख्याच शब्दांत, नाहीतर उत्तरांची तुलना होत नाही. हे खोटं नाही हं, त्यात अर्थ आहे, नाहीतर प्रत्येक जण आपल्या मनचं विचारून येईल. पण वीस वर्षं हे शिकवताना एकदाही मला तुझा शेक आठवू नये? आता कागदी फॉर्मही राहिले नाहीत, टॅबलेट आहेत. पडद्यावर प्रश्न येतो, 'आजवर किती मुलांना जन्म दिला? त्यांपैकी किती हयात आहेत?' आकडा टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पोरं चटपटीत आहेत, एका दिवसात कितीतरी घरं करतात, आणि बहुतेकांच्या पायात लेसचे बूट असतात.

प्रशिक्षणाच्या शेवटी एक सराव मुलाखत असते. मी खुर्चीत उत्तर देणारी बाई होऊन बसते आणि नव्यातली एखादी मुलगी सगळ्यांसमोर मला प्रश्न विचारते. मी माझी खरी माहिती देते, कारण खोट्या माहितीने सराव होत नाही, हेही मीच शिकवलेलं. या वेळी सटाण्याकडची एक हुशार मुलगी होती. न अडखळता तिने पूर्ण मुलाखत घेतली. कुठे चूक नाही, कुठे रकाना रिकामा नाही. संचालकांना तो फॉर्म इतका आवडला की माझं नाव झाकून त्यांनी त्याची छापील प्रत काढली आणि नमुना म्हणून बैठकीच्या खोलीतल्या फलकावर लावली. फॉर्म असा भरला गेला पाहिजे, म्हणून.

मग सर्वेक्षण झालं आणि मी फेरतपासणीला गेले. दहातल्या एखाद्या घरी परत जाऊन उत्तरं खरी आहेत का बघायचं, हे माझं काम. पेठ रोडने एसटीने गेले, पुढे जीप, पुढे पायी. तुझं उपकेंद्र उभं आहे, रंग निळा दिलाय. नर्सची जागा दीड वर्ष रिकामी होती, आता एक पोरगी आली आहे, बिचारी तीन गावं सांभाळते. जवळच्या पाड्यावर एका बाईकडे गेले, असेल तिशीची. फॉर्मवर मुलं तीन, तिन्ही हयात. मी प्रश्न वाचून दाखवला, तिने तेच उत्तर दिलं. बरोबरची खूण करून उठायचं होतं. पण तिच्या ओट्यावर सूप होतं गं, नागलीचं. मी बसले. खडे वेचायला लागले. चष्म्याशिवाय मला खडा आणि दाणा यातला फरक दिसत नाही, ती हसायला लागली. तिने कोरा चहा दिला. मग मी विचारलं, "शेक किती डाव ठेवला?"

ती पटकन म्हणाली, "पाच." मी खडे वेचत राहिले. थोड्या वेळाने आपणहून बोलायला लागली. "एक हितंच गेलं. दुसऱ्या दिशी. उपकेंद्राला कुलूप व्हतं, परत घेऊन आलो. दुसरं तिकडं निफाडला, द्राक्षाच्या मळ्यात. छाटणीला गेलतो आमी. मळ्याच्या शेडमधीच झालं. तिथल्या बायांनी शेक दिला मला, चांगल्या व्हत्या. तिथंच पुरला त्याला, बांधाला." मी विचारलं, मग आमच्या पोरींना का नाही सांगितलं? तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. "नाव ठेवलं नाय त्याला मोजायचं कसं, बाई? हायेत ती तीन हायेत." मग एकदम माझ्या हातातल्या टॅबलेटकडे बघून घाबरली. "हे लिवू नका. सासू म्हणते, गेलेल्यांचं नाव काढलं का हायेत त्यांना लागतं." मी शब्द दिला. पुढच्या घरी गेले, त्याच्या पुढच्या घरी गेले. ज्या घरी माझं काम नव्हतं तिथेही गेले. बऱ्याच घरांत शेक जास्त आणि पोरं कमी निघाली, आणि प्रत्येकीने जाताना तेच सांगितलं, लिहू नका. त्या निफाडच्या पोराचा तर विचारच करवत नाही. तिकडच्या नोंदीत ते नाही, कारण आई पेठची. पेठच्या नोंदीत नाही, कारण जन्म तिकडचा. आमच्या फॉर्मवर नाही, कारण आम्ही दारातून विचारलं.

तोवर आकडे हाती आले होते. या पाड्यांवर बालमृत्यू फार थोडे, आणि उपकेंद्र जवळ असो की लांब, काही फरक पडत नाही. मग ते ठेवायचं कशाला? इतका सरळ हिशेब. मी बैठकीत उभी राहिले. तुला वाटेल पोरगी शेवटी उभी राहिली. ऐक पुढचं. मी शेकाचं सांगितलं, तुझंही सांगितलं, मेमोचं सुद्धा. तरुण मंडळी टेबलाखाली मोबाईल बघत होती. संचालक वाईट माणूस नाही, आई. असता तर मला भांडता आलं असतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा अनुभव मला मान्य आहे. पण प्रश्न मागच्या फेरीच्या सर्वेक्षणात जो होता तोच आहे, आणि ते आकडे आपण सगळ्यांनी मान्य केले होते. मग या फेरीतच बायका लपवायला लागल्या असं म्हणायचं का?" मी म्हटलं, "सर, मागच्या फेरीतही असंच झालं असणार." ते म्हणाले, "असणार म्हणजे? मला एक बाई दाखवा. एकच. जिने आपल्या फॉर्मवर एक उत्तर दिलं, खरं उत्तर वेगळं आहे, आणि ते ती मान्य करायला तयार आहे. मी आजच्या आज अहवाल थांबवतो. पन्नास घरांत तुमचा प्रश्न परत विचारायला लावतो."

ते खरंच थांबवणार होते. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी पाड्यावरच्या बाईला शब्द दिला होता, तिचं नाव घेता येत नव्हतं. बाकीच्यांचंही नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी समोरच्या फलकाकडे बघत होते. पंख्याच्या वाऱ्याने फलकावरचा कागद हलत होता. मी म्हटलं, "तसं लेखी कुणी देणार नाही, सर." मग चहा आला. त्यानंतर कागद फिरत माझ्यापर्यंत आला, 'क्षेत्रकामाची गुणवत्ता समाधानकारक', खाली माझं नाव छापलेलं. मी सही केली. पेन चालेना म्हणून शेजारच्याचं घेऊन केली.

त्या बाईची परत बाळंतपणाची वेळ येईल तेव्हा खोलीला कुलूप असेल, आणि या वेळी ते कायमचं असेल. नव्या नर्स पोरीची खाली बदली झाल्याचा आदेश निघालाय, तिनेच मला फोन करून सांगितलं. खूश होती ती, तिलाही घाट चढायचा कंटाळा आला होता, तिचा काय दोष. मी अभिनंदन केलं. दुसऱ्या अभ्यासाचं काम सुरू झालं आहे, मालेगावकडचं. प्रश्न तेच आहेत. काहीही बदलणार नाही, आई, आणि बदलेल असं म्हणायची माझी आता लायकीही नाही.

आता ते सांगते, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. आपल्या इंदिरानगरच्या दोन खोल्या. माझं पहिलं बाळंतपण. तू रजा काढून आलीस, इथे शहरात निखारे कुठले, म्हणून गोदाकाठच्या बाजारातून शेगडी आणलीस, कोळसा आणलास, आणि गॅलरीत फुंकून फुंकून पेटवायचीस तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांनी धुराची तक्रार केली. दवाखान्यातून मी एकटीच घरी आले होते, मुलगी काचेच्या पेटीत होती, तरी तू माझ्या खाटेखाली शेक ठेवलास. पाचवीची तयारीही करून ठेवली होतीस. पाटा धुऊन भिंतीशी, त्यावर कोरा कागद आणि नवं पेन, सटवाईला नशीब लिहायला. चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून निरोप आला.  पाटा उचलून स्वयंपाकघरात नेलास आणि त्याच पाट्यावर दुपारी चटणी वाटलीस, कारण मला जेवायला घालायचं होतं. मी पडल्या पडल्या वरवंट्याचा आवाज ऐकत होते. तिला नाव ठेवलं नव्हतं. तीन वर्षांनी मुलगा झाला तेव्हा तीच शेगडी तू माळ्यावरून काढलीस. तू जाईपर्यंत आपण तिच्याविषयी एक अक्षर बोललो नाही. तू मला कधीच विचारलं नाहीस. मला वाटायचं तू विसरलीस. पण तू कशाला विचारशील, शेगडी तर तूच पेटवली होतीस.

हे पत्र खरं तर संचालकांच्या टेबलावर ठेवायला हवं. पन्नास घरांसाठी एवढा एक कागद पुरला असता, अजूनही कदाचित पुरेल. पण मी ते ठेवणार नाही, मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. उद्या ऑफिसला जाईन, त्या फलकासमोरच्या खुर्चीत बसेन. नमुना अजून तिथेच आहे. सटाण्याच्या त्या मुलीने सगळ्यांसमोर किती स्वच्छ आवाजात विचारलं होतं मला, "मॅडम, आजवर किती मुलांना जन्म दिला?" आणि मी थांबलेसुद्धा नाही गं आई. मी म्हणाले, एक.